बारा पाकिटं, पाचशे ग्रॅम आणि व्यापाऱ्याची कुरकुर

प्रश्न थोडक्यात असा आहे. सांगलीजवळ हळद पावडरचं छोटं युनिट. पाकिटावर छापलंय: निव्वळ वजन ५०० ग्रॅम. एका घाऊक व्यापाऱ्याने माल उतरवून घेताना कुरकुर केली की सरासरी माल कमी भरतो. मालकांनी सकाळी मशीन सुरू झाल्यावर पट्ट्यावरून ओळीने बारा पाकिटं उचलली, वजनं केली. बीएस्सीला स्टॅटिस्टिक्स घेतलेली पुतणी म्हणाली, टी-टेस्ट लावू (सरासरीतला फरक खरा की नुसता योगायोग, हे थोड्या नमुन्यावरून तपासायची कसोटी). तिची पी-व्हॅल्यू आली ०.०३, आणि तिने अर्थ सांगितला की आपलं वजन बरोबर असण्याची शक्यता फक्त तीन टक्के. मालकांना विचारायचंय, हे खरं का? आणि एक पाकीट ४९५.८ भरलं, त्या वेळी बहुतेक काट्याला धक्का लागला असावा, तर ते सोडून हिशेब केला तर चालेल का?

उचलली त्याच क्रमाने बारा वजनं, पिशवीचं वजन वजा करून, ग्रॅममध्ये: ४९७.७, ५०१.१, ४९६.४, ४९९.७, ४९७.३, ५००.६, ४९५.८, ४९८.२, ४९९.०, ५०२.०, ४९६.९, ४९८.५.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण ते एका शब्दात आहे. नाही. ते पाकीट सोडून उरलेल्या अकरांवर हिशेब करून पाहिला तर टी (सरासरी तिच्या नेहमीच्या हलण्याच्या किती पट सरकली तो आकडा) येतो −२.१०, आणि पाच टक्के पातळीला (मशीन बरोबर असतानाही शंभरात पाच वेळा चुकीचा ठपका चालेल असं धरून) दोन्ही बाजूंनी तपासायचं तर टी-टेस्टच्या टेबलात निदान २.२३ लागतो. म्हणजे निकाल फिरतो, व्यापारी खोटा ठरल्यासारखा वाटतो. एवढं कळल्यावर ते पाकीट काढायचा मोह कोणालाही होईल, आणि नेमकं म्हणूनच ते काढता येणार नाही. धक्का लागला त्या क्षणी वहीत "धक्का, पुन्हा वजन केलं" असं लिहिलं असतं तर गोष्ट वेगळी. आकडा नावडला म्हणून मागाहून आठवलेला धक्का धरायचा नसतो. मी नोकरीला लागलो तेव्हाच्या एका कारखान्यात रजिस्टरवर व्हाइटनरचे इतके थर होते की पान उजेडात धरल्याशिवाय खरं वजन कळायचं नाही. तिथली सरासरी मात्र कायम घोटून काढल्यासारखी गुळगुळीत.

आता हिशेब. पुतणीने केलाय तो बरोबर आहे, तरी एकदा मांडतो, कारण पुढचं सगळं याच्यावर उभं आहे.

बारा वजनांची सरासरी ४९८.६ ग्रॅम. छापील आकड्यापेक्षा १.४ ग्रॅम कमी. नुसतं हे पाहून काही ठरत नाही, कारण मशीन अगदी बरोबर ५०० वर लावलेलं असलं तरी कोणत्याही बारा पाकिटांची सरासरी नेमकी ५०० येणार नाही. १.४ ची तूट मोठी की छोटी हे वजनं एरवी किती हलतात त्यावर ठरतं. तर हलणं मोजा: प्रत्येक वजनातून ४९८.६ वजा करा, वर्ग करा, बेरीज ४१.४२ येते. तिला ११ ने भागा, बाराने नव्हे. वर्गमूळ १.९४ ग्रॅम. हे प्रमाण विचलन. एक्सेलमध्ये करत असाल तर एसटीडीईव्ही डॉट एस वापरा, डॉट पी नको. तो बाराने भागतो.

पण १.९४ हे एका पाकिटाचं हलणं झालं. बारांची सरासरी त्याहून कमी हलते, कारण एक जड आलं तर दुसरं हलकं येऊन त्याला खाली ओढतं. किती कमी? १.९४ भागिले बाराचं वर्गमूळ, म्हणजे ०.५६ ग्रॅम. ही प्रमाण त्रुटी. आता १.४ ला ०.५६ ने भागा: २.५०. तूट सरासरीच्या नेहमीच्या हलण्याच्या अडीच पट आहे. हाच टी. ११ स्वातंत्र्य मात्रांना (पाकिटांच्या संख्येपेक्षा एक कमी) पाच टक्क्यांसाठी टेबल २.२० मागतं, आपल्याकडे २.५० आहे. पी-व्हॅल्यू ०.०३. इथवर पुतणीला पैकीच्या पैकी.

अर्थ सांगताना मात्र ती घसरली, आणि तिला फार बोलू नका, कारण या जागी मोठमोठे घसरतात. ०.०३ ही "मशीन बरोबर असण्याची शक्यता" नाही. मशीन बरोबर आहे असं आधी गृहीत धरलं, मग विचारलं: खरोखर ५०० ची सरासरी देणाऱ्या मशीनमधून अशी बारा-बारा पाकिटं शंभर वेळा उचलली, तर सरासरी एवढी किंवा याहून जास्त, वर किंवा खाली, किती वेळा सरकेल? उत्तर, साधारण तीन वेळा. एवढंच. मशीन बिघडलेलं असण्याची शक्यता किती हे काढायला तुमचं मशीन एरवी किती वेळा बिघडतं हेही लागेल, आणि ते या बारा आकड्यांत कुठेच नाही. अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशनला २०१६ मध्ये पी-व्हॅल्यूचा अर्थ काय आणि काय नाही यावर अधिकृत निवेदन काढावं लागलं, त्यावरून दुखणं किती जुनं आहे ते समजा.

कोणी म्हणेल बाराच पाकिटं, एवढ्याशा नमुन्यावर काय बोलायचं. अहो, टी-टेस्ट जन्मलीच या अडचणीतून. विल्यम गॉसेट डब्लिनच्या गिनेस ब्रुअरीत, म्हणजे बिअरच्या कारखान्यात, कामाला होता. बार्ली, हॉप्स, हे सगळं तपासायचं तर हजारो नमुने परवडत नाहीत. हाताशी चार, पाच, दहा. नमुना लहान असला की प्रमाण विचलनाचा अंदाजच डळमळतो, आणि जुन्या पद्धतीने हिशेब केला की माणूस वाजवीपेक्षा जास्त छातीठोक बोलतो. गॉसेटने हा डळमळीतपणा हिशेबात घेतला. त्यासाठी त्याने ३००० गुन्हेगारांची उंची आणि मधल्या बोटाची लांबी पुठ्ठ्याच्या तुकड्यांवर लिहिली, पत्त्यांसारखी पिसली आणि चार-चारचे ७५० गट पाडून आपलं गणित ताडून पाहिलं. आज कॉम्प्युटरवर करतो ते सिम्युलेशन त्याने हाताने केलं. १९०८ मध्ये लेख छापला तो 'स्टुडंट' या टोपणनावाने, कारण कंपनी कर्मचाऱ्यांना स्वतःच्या नावाने छापू देत नसे. त्यामुळे बारा चालतात. मात्र एका अटीवर, सगळी पाकिटं एकाच तऱ्हेने भरलेली हवीत, आणि ती अट तुमच्याकडे मोडलेली दिसते.

शितावरून भाताची परीक्षा म्हणतात ना, तर ते शीत पातेल्याच्या कोणत्या थरातलं हे कोणी विचारत नाही. वरचं शीत कच्चं आणि तळाला करपलेलं, असं झालं तर?

तुमची यादी पुन्हा वाचा, पण या वेळी जोड्या करून. ४९७.७ मग ५०१.१. ४९६.४ मग ४९९.७. ४९७.३ मग ५००.६. ४९५.८ मग ४९८.२. ४९९.० मग ५०२.०. ४९६.९ मग ४९८.५. सहाही जोड्यांत पहिलं पाकीट हलकं, दुसरं जड. तुम्ही जाता जाता लिहिलंय की मशीन दोन नोझलचं (पावडर सोडणाऱ्या तोंडांचं) आहे आणि दोन्हींची पाकिटं एका आड एक पट्ट्यावर पडतात. मग विषम क्रमांकांची वेगळी सरासरी काढा: ४९७.२. सम क्रमांकांची: ५००.०.

म्हणजे व्यापारी बरोबर आहे, तुम्हीही बरोबर आहात, फक्त दोघं वेगवेगळ्या नोझलबद्दल बोलताय. एक नोझल जवळपास तीन ग्रॅम कमी भरतंय, दुसरं बरोबर पाचशेवर आहे, आणि ४९८.६ ही सरासरी अशा एका मशीनची आहे जे मुळात अस्तित्वातच नाही. प्रमाण विचलन १.९४ आलं त्यातही हा नोझलमधला फरक मिसळलाय. प्रत्येक नोझल स्वतःपुरतं पाहिलं तर हलणं एकाचं १.१ आणि दुसऱ्याचं १.५ ग्रॅमच्या आसपास भरतं. टी-टेस्टला यातलं काही दिसत नाही. तिला बारा आकडे दिले की त्यांचा क्रम ती फेकून देते. क्रम माणसाने पाहायचा असतो, टेस्टच्या आधी. मी तर कोणाचाही डेटा आला की पहिल्यांदा क्रमाने ठिपके मांडतो, चौकटीच्या वहीवर चालेल, आणि पुष्कळदा तिथेच काम संपतं.

मघाशी तुम्हाला पाकीट काढू दिलं नाही, तोच नियम आता मलाही लागू. नोझलचा फरक मी आकडे पाहिल्यावर शोधलाय. बारा आकड्यांत पुरेसा वेळ डोळे खुपसले की काही ना काही नक्षी दिसतेच. सकाळचं-दुपारचं, सम-विषम, अमावस्या-पौर्णिमा. दोन नोझलची तुलना करणारी टी-टेस्ट मी लावून पाहिली, टी ३.७ च्या वर येतो, दिसायला भक्कम. पण ज्या आकड्यांनी संशय जागा केला त्यांनाच साक्षीला उभं करायचं नाही. मशीनची रचना पाहता संशय पटण्यासारखा आहे, एवढंच आज म्हणतो. खात्री नव्या पाकिटांवर.

नव्या पाकिटांकडे जाण्याआधी काट्याबद्दल बोलू, कारण तुमच्या पत्रात काट्याचा उल्लेख फक्त धक्का लागण्यापुरता आला आणि मला तोच खुपला. समजा काटा पाचशेच्या आसपासचं प्रत्येक वजन एक ग्रॅम कमी दाखवतोय. मग तुमच्या १.४ ची तूट ०.४ वर येते आणि तक्रारीत फारसा दम राहत नाही. टेस्टला हे कधीच कळणार नाही. पाकिटं बारा घ्या नाहीतर बाराशे, प्रमाण त्रुटी घटत जाईल आणि तुम्ही चुकीच्या आकड्याबद्दल अधिकाधिक ठाम होत जाल. नमुना वाढवला की नशिबाचा खेळ कमी होतो, काट्याची खोट तशीच राहते. तेव्हा सुरुवातीला आणि शेवटी प्रमाणित ५०० ग्रॅमचं वजन ठेवून पाहायचं, काट्यावर पंख्याचा झोत येतोय का ते पाहायचं. आणि पिशवीचं वजन? एकाच रिकाम्या पिशवीचं वजन सगळ्यांतून वजा केलं असेल तर दहा पिशव्या वेगवेगळ्या तोलून बघा, लॅमिनेटच्या रोलगणिक फरक पडतो.

एकाच बाजूला झुकणाऱ्या अशा चुकीचं आपल्याकडचं नामी उदाहरण शेतातलं आहे. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे पांडुरंग वासुदेव सुखात्मे हे जगभर मानले गेलेले संख्याशास्त्रज्ञ. १९४० च्या दशकात देशात पिकांच्या उत्पन्नाचा अंदाज काढण्यासाठी पीककापणीचे प्रयोग चालू होते: शेतात एक तुकडा आखायचा, तेवढंच कापायचं, तोलायचं. तुकडा किती मोठा असावा यावर वाद होता, कारण लहान तुकडा स्वस्त पडतो आणि मग जास्त शेतं गाठता येतात. सुखात्म्यांनी दाखवून दिलं की तुकडा फार लहान असला की उत्पन्न फुगून येतं. कारण साधं. रेघेवर आलेलं पिकाचं ताट आत धरायचं की बाहेर, असा प्रश्न पडला की कापणाऱ्याचा हात ते आत घेतो. मोठ्या तुकड्यात अशा काठावरच्या ताटांचा वाटा नगण्य, लहानात भरपूर. हजार शेतांत लहान तुकडे कापले तरी हजारही एकाच बाजूला झुकलेले.

तसंच ३७ अंशांचं. माणसाच्या शरीराचं सरासरी तापमान ३७ अंश सेल्सिअस हा दावा जर्मन डॉक्टर वुंडरलिश यांच्या १८६८ च्या पुस्तकातून रूढ झाला. १९९२ मध्ये अमेरिकेत १४८ निरोगी प्रौढांची ७०० मोजमापं घेतली, सरासरी आली ३६.८. वुंडरलिश यांचा एक थर्मामीटर फिलाडेल्फियाच्या संग्रहालयात आहे, तो तपासला तर आजच्या थर्मामीटरपेक्षा जास्त तापमान दाखवतो असं निघालं. काटाच तसा! शिवाय तिथे एक खाच आहे, पुतणीला परीक्षेत उपयोगी पडेल: ७०० मोजमापं म्हणजे ७०० चा नमुना नव्हे. माणसं १४८ आहेत. एकाच माणसाचं पाच वेळा घेतलेलं तापमान एकमेकांच्या जवळच राहणार, म्हणून सातशेचं वर्गमूळ घेऊन भागलं तर प्रमाण त्रुटी खोटी लहान दिसेल. तुमच्याकडे एकाच पाच मिनिटांतली बारा पाकिटं त्या पाच मिनिटांबद्दल बोलतात. हॉपर (मशीनवरचं पावडर ओतायचं पात्र) भरलेला असताना आणि तळाला जाताना भरणी वेगळी पडते, दुपारी पावडर दमट झाली की आणखी वेगळी.

आता व्यापाऱ्याशी कसं बोलायचं. त्याचा दावा सरासरीचा आहे, तेव्हा "एकही पाकीट फार कमी नाही" हे उत्तर त्याला लागू पडत नाही. नियमातही या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. वैधमापनशास्त्राच्या (वजन-मापांच्या कायद्याच्या) आवेष्टित, म्हणजे पाकीटबंद, वस्तूंच्या २०११ च्या नियमांत ५०० ग्रॅमच्या एका पाकिटाला १५ ग्रॅमपर्यंतची तूट सहन केली जाते. तुमचं सर्वांत हलकं पाकीट ४.२ ग्रॅमने कमी, त्यामुळे तिथे काळजी नाही. पण सरासरी छापील वजनाखाली जाता कामा नये, ही अट वेगळी. प्रत्येक पाकीट सुटतं आणि अख्खा लॉट अडकतो, असं सहज होऊ शकतं.

मग तपासणाऱ्याला सरासरी कमी आहे हे कसं ठरवता येतं? इथे टी-टेस्ट चक्क नियमात शिरली आहे. आंतरराष्ट्रीय वैधमापन संघटनेची आर ८७ नावाची शिफारस आहे. तिच्या २००४ च्या आवृत्तीत ५०१ ते ३२०० पाकिटांच्या लॉटमधून ८० पाकिटं घ्यायची, आणि सरासरी तूट प्रमाण विचलनाच्या ०.२९५ पटीपेक्षा जास्त असेल तरच लॉट नापास. हे ०.२९५ कुठून आलं? ७९ स्वातंत्र्य मात्रांचा टेबलातला २.६४ घ्या, ऐंशीच्या वर्गमूळाने भागा. बाकी काही नाही. पातळी मात्र पाच टक्के नव्हे, अर्धा टक्का, आणि एकाच बाजूची. हजार प्रामाणिक लॉटमागे पाचच चुकून अडकावेत असा हिशेब, कारण शिक्षा करणाऱ्याने सावकाश बोट दाखवायचं. त्या अर्ध्या टक्क्याच्या पातळीने तुमच्या बारा पाकिटांना ३.११ चा टी लागला असता, २.५० वर तुम्ही सुटला असता. आकडे तेच, पण पाच टक्क्यांच्या पातळीला नापास आणि तपासनिसाच्या पातळीला पास. पाच टक्के हा काही निसर्गनियम नाही, संख्याशास्त्रज्ञ फिशरच्या १९२५ च्या पुस्तकापासून पडलेली सवय आहे. चुकलो तर कोणाला किती भुर्दंड, ते पाहून पातळी ठरवायची, आणि एकाच बाजूने बघायचं की दोन्ही हेही पाकीट उचलायच्या आधी ठरवायचं. मालक म्हणून तुम्हाला दोन्ही बाजू महत्त्वाच्या: कमी भरलं तर तक्रार, जास्त भरलं तर हळद फुकट.

सुटला असता असं म्हणालो त्याने खूश होऊ नका. नापास न होणं म्हणजे वजन बरोबर असल्याचा दाखला नव्हे. बारा पाकिटं आणि दोन ग्रॅमचं हलणं असताना सरासरी खरोखर एक ग्रॅमने कमी असली, तरी पाच टक्क्यांची एकबाजूची टेस्ट जवळपास निम्म्या वेळा काहीच पकडणार नाही. म्हणून मी पास-नापासपेक्षा विश्वासांतर, म्हणजे खरी सरासरी ज्या पट्ट्यात असावी तो पट्टा, जास्त वापरतो. तुमचं ९५ टक्क्यांचं अंतर ४९७.४ ते ४९९.८. मशीनच्या माणसाला टी सांगून उपयोग नाही. "अडीच ग्रॅमपर्यंत कमी असू शकतं" म्हटलं की तो पाना घेऊन उठतो.

पण आजच पाना देऊ नका. दोन्ही नोझल सरसकट २.६ ग्रॅमने वाढवली तर दिवसाला २४०० पाकिटं धरून सव्वासहा किलो हळद जादा जाईल, आणि त्यातली निम्मी अशा नोझलमधून ज्याला वाढीची गरजच दिसत नाही. आधी एक दिवस असं करा: आठ तासांच्या पाळीत दर तासाला प्रत्येक नोझलची तीन पाकिटं, वेळ आपल्या सोयीने नव्हे तर तासाच्या सुरुवातीला चिठ्ठी काढून. प्रत्येक नोझलची चोवीस होतील. वहीत वेळ, नोझल, हॉपर किती भरलेला, एकूण वजन, पिशवीचं वजन, आणि काही घडलं तर त्याच ओळीत शेरा. दीड ग्रॅमचं हलणं धरलं तर चोवीसांची प्रमाण त्रुटी ०.३ वर येते, मग एक ग्रॅमची तूट निसटणं कठीण. पहिलं नोझल पुन्हा ४९७ च्या आसपास आलं तर आधी फक्त ते दुसऱ्याच्या बरोबरीला आणा, मग दोन्ही ५०१ वर लावा, ५०० वर नव्हे. काठावर लावलेलं मशीन निम्मे दिवस काठाच्या खाली असतं.

व्यापाऱ्याला तोवर खरं ते सांगा की तपासणी चालू आहे, एका नोझलवर संशय आहे. जुन्या मालाची दहा-वीस पाकिटं त्याच्या गोदामात असतील तर ती तुमच्याच काट्यावर पुन्हा तोला, कारण तुमचा काटा आणि त्याचा काटा यांची गाठ अजून पडलेली नाही.